जुने घर आवरताना: काय दुरुस्त करावे, काय विकावे आणि कोणाच्या हाती द्यावे?

पेठेतली_लेक

नमस्कार. कोल्हापुरातल्या शिवाजी पेठेतले आमचे घर येत्या दोन महिन्यांत रिकामे करायचे आहे. आई गेल्यापासून बाबा तिथे एकटेच राहत होते. आता ते माझ्याकडे राजारामपुरीत येत आहेत आणि माझ्या दोन खोल्यांत त्या घरातले सामान मावणे शक्य नाही. गेल्या रविवारी वही घेऊन बसले आणि यादी केली. २००४ साली घेतलेला एका दाराचा फ्रीज, जो अजून पाणी गार करतो, छताचे तीन पंखे, त्यांतला एक माझ्या जन्माच्या आधीचा, एक मिक्सर, ज्याच्या मोटरचा आवाज येतो पण भांडे फिरत नाही, आईचे पायाचे शिलाई मशीन, तांब्याचा बंब, पितळेची सात-आठ पातेली, भावाचा २०१४ चा लॅपटॉप, २०१२ ची स्कूटर, आणि आईच्या साड्यांच्या दोन ट्रंका.

भंगारवाल्यांना बोलावले होते. त्यांनी तांबे-पितळ वगळून बाकी सगळ्याचे मिळून ४,२०० रुपये सांगितले. त्यांचे काही चुकले असे मी म्हणत नाही, कारण त्यांचा हिशेब वजनाचा असतो आणि वजनाने पाहिले तर आईचे मशीन म्हणजे काही किलो बीड (ओतीव लोखंड). बाबा तोपर्यंत गप्प बसून होते. ते उठले, मशीनवरचे कापड काढले, पायपट्टीवर पाय ठेवून चाक फिरवले आणि "चालतंय की," एवढेच म्हणाले. मी भंगारवाल्यांना परत पाठवले.

जी वस्तू चालते किंवा थोडक्या खर्चात चालू शकते ती वापरात राहिली पाहिजे, असे मला मनापासून वाटते. पण माझ्या मनाच्या समाधानासाठी दुसऱ्याच्या घरात अडगळ नेऊन टाकायची नाही, हेही तितकेच खरे. यातले काय दुरुस्त करण्याजोगे आहे, काय विकावे, आणि देताना समोरच्याला काय काय सांगितले पाहिजे, याबद्दल अनुभवी मंडळींनी लिहावे.

उद्यमनगरी

ताई, भंगारवाल्यांना परत पाठवलेत हे उत्तम केलेत. मी गेली २८ वर्षे घरगुती उपकरणांची दुरुस्ती करतो, म्हणून यादीतल्या विजेच्या वस्तूंपुरते लिहितो.

मिक्सरचा आवाज येतो आणि भांडे फिरत नाही, याचा अर्थ बहुतेक वेळा मोटर ठणठणीत आहे आणि वरचा कपलर झिजला आहे. भांडे उचलून खाली पाहा. मोटरच्या दांड्यावर रबराचे किंवा प्लॅस्टिकचे दात असलेले एक चक्र दिसेल. त्याचे दात गोल झाले असतील तर तेवढेच बदलायचे. माझ्याकडे हे काम मजुरीसह शंभर-दीडशे रुपयांत होते. यासाठी मिक्सर टाकून देणारी माणसे मी दर महिन्याला पाहतो. भांड्याच्या बुडातून पाणी गळत असेल तर पात्याखालचा बुश गेलेला असतो. तोही सुटा मिळतो.

पंखा जागेवर गुणगुणत असेल किंवा हळू फिरत असेल तर आधी कंडेन्सर बदलून पाहा. छताच्या पंख्याला साधारणपणे अडीच मायक्रोफॅरडचा लागतो आणि त्याची किंमत चहा-भज्यांपेक्षा फार जास्त नसते. कंडेन्सर बदलूनही फरक पडला नाही, पात्यांना हाताने गती दिली की अडखळतो, तर बेअरिंग. वाइंडिंग, म्हणजे मोटरमधले तारेचे वेढे, जळाले असेल तर मात्र थांबून विचार करावा.

फ्रीजची परीक्षा घरीच करता येते. दारात एक नोट अडकवून दार बंद करा आणि नोट ओढा. ती सहज निघून आली तर दाराचे रबर सैल झाले आहे, गारवा बाहेर जातो आणि कॉम्प्रेसर थांबतच नाही. रबर बदलता येते. मागची जाळी कित्येक वर्षांत कोणी पुसलेली नसते. प्लग काढून ती मऊ ब्रशने साफ करा. यानंतर फ्रीज एक दिवस चालवून कॉम्प्रेसर मधूनमधून बंद होतो का ते ऐका. बंद होत असेल तर तुमचा फ्रीज अजून काही वर्षे कोणाचे तरी दूध सांभाळेल.

जोतिबारोड

कपलरबद्दल उद्यमनगरी काकांना पूर्ण दुजोरा. आमचा मिक्सर १६ वर्षांचा आहे आणि त्याचे तीन कपलर झाले.

हिशेबनीस

मला येथे थोडी वेगळी बाजू मांडावीशी वाटते. वस्तू टिकवणे चांगले, पण जी वस्तू रोज वीज खाते तिचा हिशेब फक्त दुरुस्तीच्या खर्चावर करता येत नाही. जुना छताचा पंखा साधारण ७५ वॅट घेतो. आताचे बीएलडीसी, म्हणजे ब्रश नसलेल्या मोटरचे, पंखे ३० वॅटच्या आसपास घेतात. दिवसाला १२ तास पंखा चालला तर ४५ वॅटच्या फरकाने वर्षाला सुमारे १९७ युनिट वाचतात. युनिटमागे ८ रुपये धरले तर ही बचत दीड हजारांच्या वर जाते, म्हणजे तीन हजारांचा नवा पंखा दोन वर्षांत आपली किंमत वसूल करतो. त्यात जळालेला पंखा पुन्हा वाइंडिंग करून घेतला आणि तार किंवा वेढे कमीजास्त झाले, तर तो पूर्वीपेक्षा जास्त तापतो आणि जास्त वीज घेतो.

फ्रीजचेही तसेच. विजेच्या उपकरणांवर वीजबचत दाखवणारे तारे लावण्याची योजना आपल्याकडे २००६ साली सुरू झाली. २००४ चा फ्रीज त्या आधीचा आहे, म्हणजे तो किती वीज घेतो हे त्याच्यावर कुठे लिहिलेलेच नाही. प्लगमध्ये बसणारे वीज मोजायचे छोटे मीटर मिळते. ते लावून २४ तासांचे युनिट मोजावेत आणि मगच ठरवावे. आपण वस्तू वाचवली या आनंदात, ज्याला ती दिली त्याच्या बिलात दर महिन्याला भर घातली, असे होऊ नये.

उद्यमनगरी

हिशेबनीस सर, आकडे बरोबर आहेत आणि वाइंडिंगबद्दलचे म्हणणे मला मान्यच आहे. म्हणून तर तिथे थांबून विचार करावा असे लिहिले. पण तास बदलले की उत्तर बदलते. तोच पंखा पाहुण्यांच्या खोलीत किंवा माडीवर दिवसाला दोनच तास फिरत असेल तर वर्षाची बचत ३३ युनिटांची, म्हणजे अडीचशे-पावणेतीनशे रुपयांची. तिथे नवा पंखा घेण्यात अर्थ नाही. जास्त वापराच्या जागी नवा लावावा आणि जुना कमी वापराच्या जागी हलवावा, असे मी गिऱ्हाइकांना सांगतो. जुन्या पंख्याचे बीड आणि तांबे आजच्या पंख्यात सहसा पाहायला मिळत नाही. त्याला योग्य खोली शोधून द्यायची, एवढेच.

फ्रीज भंगारात देताना मात्र एक गोष्ट पाहा. त्या काळातल्या बहुतेक घरगुती फ्रीजमध्ये आर-१३४ए हा वायू असतो. कॉम्प्रेसर तोडून काढताना नळी कापली की तो वायू हवेत जातो, आणि वातावरण तापवण्याची त्याची ताकद कार्बन डायऑक्साइडच्या चौदाशे पटींच्या आसपास आहे. म्हणून फ्रीज खरोखरच मोडीत काढायची वेळ आली तर तो वायू काढून घेणाऱ्या अधिकृत ई-कचरा केंद्राकडेच द्यावा. घराच्या अंगणात छन्नी-हातोड्याने फोडू देऊ नये.

सुतारवाड्याचा

आमच्या भागात राहणाऱ्यांसाठी हा विषय पुराशिवाय पूर्ण होत नाही. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पाणी त्याच्या कितीतरी वर गेले आणि आमच्या घरात कमरेच्या वर आले. पाणी ओसरल्यावर अख्ख्या गल्लीने फ्रीज, वॉशिंग मशीन, मिक्सर दारात मांडले होते. ज्यांनी घाईने बटण दाबून पाहिले, त्यांची उपकरणे जळाली. आमच्या शेजारच्या काकांनी आम्हाला हात लावू दिला नाही. त्यांनी मिक्सर उघडून गोड्या पाण्याने गाळ धुतला, आठ दिवस उन्हात ठेवला आणि वायरमन काकांकडून तपासून घेऊनच चालू केला. तो आजही चटणी वाटतो. फ्रीजचा कॉम्प्रेसर सीलबंद असल्याने तो पुष्कळदा वाचतो आणि रिले बदलून काम भागते. पण भिंतीतल्या फोममध्ये पाणी शिरले असेल तर वास जात नाही, आणि असा फ्रीज दुसऱ्याला देऊ नये.

मूळ प्रश्न देताना काय सांगावे हा आहे, म्हणून माझा अनुभव लिहितो. २०२० साली मी एक जुनी मोटारसायकल घेतली. पॉलिश केलेली होती, किंमत रास्त होती, विकणाऱ्या गृहस्थांचे बोलणे गोड होते. दोन महिन्यांत वायरिंगने दगा दिला. मेस्त्रींनी हेडलाइटचा डोम उघडला, तेव्हा आत बोटाच्या पेराएवढा वाळलेला गाळ निघाला. सीटखालच्या स्क्रूंची डोकी तांबूस झाली होती आणि एअर फिल्टरच्या डब्यात मातीची रेघ स्पष्ट दिसत होती. पाणी किती उंच चढले होते ते त्या रेघेवरून मोजता आले असते. गाडी पुरात भिजलेली आहे हे मला आधी सांगितले असते तरीही मी ती घेतली असती, कारण आम्हीही पुराचीच माणसे आहोत. फक्त पाच हजार कमी दिले असते आणि वायरिंग आधीच बदलून घेतले असते. तेव्हापासून जुनी गाडी पाहायला गेलो की या तीन जागा आधी उघडून पाहतो.

कागदपत्र

स्कूटरबद्दल थोडक्यात. फॉर्म २९ आणि फॉर्म ३० भरून नाव बदलून दिल्याशिवाय गाडीची चावी हातातून सोडू नका. राज्यातल्या राज्यात विक्री झाली तर विकणाऱ्याने १४ दिवसांच्या आत परिवहन कार्यालयाला कळवायचे असते. नोंदीत जोवर तुमचे नाव आहे तोवर अपघाताची जबाबदारीही तुमच्याकडे येऊ शकते. स्कूटर २०१२ ची आहे, म्हणजे १५ वर्षांची नोंदणी २०२७ मध्ये संपेल आणि पुढे फिटनेस करून पाच-पाच वर्षांचे नूतनीकरण लागेल. हेही घेणाऱ्याला आधी सांगा, कारण तो खर्च त्यांना करायचा आहे.

वाकळवाली

पेठेतली_लेक ताई, साड्यांच्या ट्रंका वाचून थांबले. माझी आई आणि मावशी वाकळा, म्हणजे जुन्या कापडाच्या गोधड्या, शिवायच्या, आणि आता मी शिवून देते. आईच्या साड्यांची निवड अशी करा. ज्यांचे काठ-पदर शाबूत आहेत त्या नात्यातल्या बायकांना बोलावून, त्यांना हव्या त्या घेऊ द्याव्यात. सुती साड्या, विशेषतः धुऊन धुऊन मऊ झालेल्या नऊवारी, वाकळेसाठी ठेवा. विरलेल्या आतल्या थरांत जातात आणि त्यातल्या त्यात धड असलेली वर येते. जाड दोऱ्याने कडेकडेने धावदोरा घालत आत यायचे असते. घाईने मधूनच सुरुवात केली तर थर सरकतात आणि पहिल्या धुण्यातच गोळा होतात. सिंथेटिक साड्या वाकळेत घालू नका; त्या घाम टिपत नाहीत. त्यांच्या पिशव्या चांगल्या होतात.

जुन्या कपड्यांच्या बदल्यात भांडी देणाऱ्या बोहारणीला कपडे देण्याची पद्धत आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्यांची आहे आणि त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. ती घेतलेले कपडे निवडते, धुते, उसवलेले शिवते आणि बाजारात पुन्हा उभे करते. फिरून विकण्याचा हा धंदा तिच्या हाताच्या कष्टावर उभा आहे. तिच्याशी एका पातेल्यासाठी तासभर घासाघीस करणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे.

आता जे लिहिणार आहे ते कोणाला बोचले तर क्षमा असावी. माझ्याकडे कामाला येणाऱ्या मावशींना एका घरातून "अगदी चालू आहे" असे सांगून वॉशिंग मशीन दिले गेले. रिक्षा-टेम्पोचे ४०० रुपये त्यांनी भरले, घरी नळाला जोडले, तर पाणी खालून गळून गेले. दुरुस्तीवाल्यांनी १,८०० सांगितले. मावशींना ते मशीन परतही करता येईना, कारण देणाऱ्यांचे मन दुखावेल. शेवटी त्या मशीनवर त्या आता पाण्याची घागर ठेवतात. दान म्हणून दिलेली वस्तूही विकलेल्या वस्तूइतकीच तपासून द्यावी. उलट जास्तच तपासावी, कारण विकत घेणारा तक्रार करू शकतो, दान घेणारा करत नाही.

इचलकरंजीकर

वाकळवाली ताईंच्या प्रतिसादात एक भर. आमच्या गावात मागाच्या आवाजावर दिवस उगवतो, त्यामुळे कापडामागे किती पाणी जाते ते डोळ्यांसमोर असते. एका सुती टी-शर्टसाठी, कापसाच्या शेतापासून धरले तर, सुमारे २,७०० लिटर पाणी लागते असे मानले जाते. पुढे रंग-धुलाईच्या सांडपाण्याने पंचगंगेचे काय होते ते नदीकाठच्या माणसाला सांगावे लागत नाही. आम्ही कापडावरच जगतो, तरीही सांगतो की अंगावरचा कपडा दोन वर्षे जास्त वापरला तर आमच्या नदीला बरे वाटेल.

गंगावेशकर

तांब्या-पितळेबद्दल माझे आग्रहाचे सांगणे आहे की मोड घालायची घाई करू नका. दुकानात जुने भांडे दिले की ते मोडीच्या भावाने घेतात, त्यात घट धरतात, आणि तुम्ही नवे घेता तेव्हा घडणावळीसकट पैसे मोजता. जुन्या पातेल्याचा पत्रा बहुधा आजच्यापेक्षा जाड असतो. वजन करून नव्या भांड्याशी ताडून पाहा, फरक हाताला कळेल.

पितळेच्या पातेल्यांना फक्त कल्हई हवी आहे. कल्हईवाल्यांचे काम शेवटचे कधी पाहिले आठवा. भांडे चिंचेने नाहीतर अ‍ॅसिडने लख्ख करायचे, भात्याच्या विस्तवावर तापवायचे, त्यात नवसागराची चिमूट टाकायची. पांढरा धूर उठतो, नाकाला झोंबतो, आणि त्याच क्षणी कथलाची कांडी टेकवून कापसाच्या बोळ्याने एका झटक्यात फिरवायचे. पिवळ्या पितळेवर चांदीसारखा पदर चढताना पाहिला की आजही मी जागचा हलत नाही. कथिल शुद्ध आहे ना हे मात्र विचारून घ्या, कारण शिसे मिसळलेली कल्हई आरोग्याला घातक आहे. आंबट पदार्थ बिनकल्हईच्या पितळेत करू नयेत, हे तर आपल्या सगळ्यांच्या आज्यांनी सांगितलेच आहे.

बंबाला कल्हई लागत नाही, ते अंघोळीचे पाणी. पण मधल्या नळकांड्याचा सांधा गळत असेल तर डाख देऊन घ्या. पन्हाळ्याकडच्या आणि गगनबावड्याकडच्या गावांत पावसाळ्यात बंब अजून पेटतात, त्यामुळे चालू बंबाला मोडीपेक्षा चांगला भाव देणारा माणूस तुम्हाला नक्की भेटेल.

संगणकमास्तर

लॅपटॉप. २०१४ च्या यंत्रात बहुधा फिरती हार्ड डिस्क असेल. ती काढून एसएसडी (फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) बसवली तर तेच यंत्र चालू व्हायला दोन-तीन मिनिटांऐवजी अर्ध्या मिनिटाच्या आत येते. आमच्या वर्गातल्या पाच लॅपटॉपवर हे करून पाहिले आहे. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ ला लागणारी सुरक्षा चिप टीपीएम २.० त्या वयाच्या यंत्रांत सहसा नसते. यंत्र धडधाकट असूनही केवळ एवढ्यासाठी मोडीत निघावे याचे मला फार वाईट वाटते. लिनक्स या मोफत संगणक प्रणालीची एखादी हलकी आवृत्ती टाकून दिली तर विद्यार्थ्याचे टंकलेखन, ब्राउझर, कोडिंगचे प्राथमिक धडे सगळे चालते. देण्याआधी भावाने आपल्या खात्यांतून बाहेर पडावे आणि डिस्क पुसून द्यावी. बॅटरी फुगलेली असेल, म्हणजे टचपॅड वर आला असेल किंवा खालचे झाकण नीट बसत नसेल, तर ती चार्ज करू नये आणि तशी कोणाला देऊही नये.

विकायचे ठरवले तर ऑनलाइन जाहिरात टाकताना एक सावधगिरी ठेवा. "पैसे पाठवतो, क्यूआर कोड स्कॅन करून पिन टाका" असे कोणी म्हणाले की तो व्यवहार तिथेच थांबवा. पैसे मिळवण्यासाठी पिन कधीच लागत नाही. तो फक्त देण्यासाठी लागतो. फसवणूक झालीच तर लगेच १९३० ला फोन करावा.

ज्यांना जुना मोबाइल घ्यायचा असेल त्यांच्यासाठी: *#०६# दाबून आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, पाहा आणि इंग्रजीत केवायएम लिहून, जागा सोडून तो क्रमांक १४४२२ वर एसएमएस करा. फोन चोरीचा म्हणून बंद केलेला किंवा बनावट क्रमांकाचा असेल तर कळते.

चप्पललाईन

सगळे विजेच्या वस्तूंवर बोलत आहेत, म्हणून आमच्या घरच्या धंद्यातले सांगतो. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले. ते आपले चार जिल्हे आणि कर्नाटकातले चार, अशा आठ जिल्ह्यांना मिळून आहे. मला या धाग्यात तिची आठवण झाली ती तिच्या बांधणीमुळे. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेले कातडे, आणि खऱ्या चपलेत शिवणही कातड्याच्याच वादीची. खिळे नाहीत, जोडणारे रसायन नाही. त्यामुळे शिवण उसवता येते. तळ झिजला की तळ बदलतो, अंगठा तुटला की अंगठा बदलतो, बाकीची चप्पल तशीच राहते. आमच्याकडे एक गृहस्थ वडिलांची कापशी प्रकारची कोल्हापुरी चप्पल दर दोन-तीन वर्षांनी घेऊन येतात. तिचा तळ मी दोनदा आणि माझ्या वडिलांनी त्याआधी एकदा बदलला आहे. पावसात घालू नये, उन्हात वाळवू नये, वर्षातून दोनदा तेलाचा हात द्यावा, एवढीच तिची मागणी असते. आजचे चिकटवलेले बूट कोणी दुरुस्तीला आणले तर मला त्यांना नाही म्हणावे लागते. ते उघडायचे कुठून हेच त्यांच्या बनावटीत ठेवलेले नाही.

दुरुस्तीहक्क

चप्पललाईन दादांनी नेमक्या जागी बोट ठेवले. उघडता येणे हा वस्तूचा गुण आहे आणि तो विकत घेतानाच पाहिला पाहिजे. आमचे वॉशिंग मशीन पाच वर्षांचे असताना बंद पडले. एका मोठ्या कंपनीच्या सेवाकेंद्राने बोर्ड बदलावा लागेल म्हणून ९,४०० रुपये सांगितले. त्यातला एकच भाग जळाला होता, पण सुटा भाग ते देत नाहीत आणि आकृतीही दाखवत नाहीत. शाहूपुरीतल्या एका जुन्या कारागिरांनी तोच बोर्ड ७०० रुपयांत चालू करून दिला. पण प्रत्येकाच्या वाट्याला असे कारागीर येतीलच असे नाही.

केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ च्या जुलैमध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि शेतीची अवजारे, मोबाइल व टॅबलेट, घरगुती उपकरणे आणि वाहने ही चार क्षेत्रे निवडली. त्यासाठीचे संकेतस्थळही आहे, जिथे कंपन्यांची दुरुस्तीविषयक माहिती एकत्र पाहता येते. फ्रान्समध्ये जानेवारी २०२१ पासून काही उपकरणांवर दुरुस्त करणे किती सोपे आहे याचे गुण छापावे लागतात. आपल्याकडे असे गुण दुकानातल्या प्रत्येक खोक्यावर दिसेपर्यंत मी दुकानदारांना तीन प्रश्न विचारते: सुटे भाग किती वर्षे मिळतील, बॅटरी किंवा मोटर बाहेरचा कारागीर बदलू शकेल का, आणि झाकणाला स्क्रू आहेत की ते चिकटवलेले आहे. पहिल्या दोन प्रश्नांचे उत्तर बहुधा मिळत नाही. तिसऱ्याचे आपल्या डोळ्यांना दिसते.

उद्यमनगरी

ताई, बोर्डाची तक्रार अगदी खरी आहे. माझ्या दुकानात जो मुलगा शिकायला येतो त्याला मी सांगतो की या गावात बाबूराव पेंटरांनी शंभर वर्षांपूर्वी सिनेमाचा कॅमेरा स्वतः घडवला, कारण त्यांनी विदेशी यंत्र आतून समजून घेतले होते. आकृती मिळाली, सुटा भाग मिळाला, तर आजही इथला कारागीर मागे राहणार नाही.

तीन_पिढ्या

काय पुढे देऊ नये, हेही लिहायला हवे. हेल्मेट, एकदा आपटलेले असेल तर कधीही नाही. आतला थर दबलेला बाहेरून दिसत नाही. गॅसची रबरी नळी पाच वर्षांनी बदलायचीच. कुकरचे बूड फुगले असेल किंवा झाकण नीट बसत नसेल तर तो मोडीतच द्यावा. टायरवर खाच भरपूर दिसली तरी बाजूचे चार आकडे वाचा: पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. २३१६ म्हणजे २०१६ चा तेविसावा आठवडा. रबर म्हातारे होते, खाच राहते.

पेठेतली_लेक

सर्वांचे मनापासून आभार. सहा आठवड्यांनी परत लिहीत आहे, कारण तुमच्या सांगण्याप्रमाणे काय झाले ते कळवणे माझे कर्तव्य आहे.

मिक्सरचा कपलरच होता. १३० रुपये. तो आता माझ्याच ओट्यावर आहे. फ्रीजला मीटर लावले, २४ तासांत दोन युनिटांच्या वर गेला. रबर बदलल्यावर दीडच्या आसपास आला. हिशेबनीस सरांचा इशारा लक्षात ठेवून तो कोणाच्या घरी रोजच्या वापराला दिला नाही. आमच्या ओळखीच्या एका फुलवाल्या मावशींना सणासुदीच्या आठवड्यात हार-गजरे ठेवायला हवा होता. मोजलेले युनिट आणि फ्रीजचे वय एका कागदावर लिहून दाराला चिकटवले आणि मगच दिला. पंख्यांपैकी एक बाबांच्या खोलीत लावणार होते, पण बाबा दिवसभर त्याच खोलीत असतात, म्हणून तिथे नवा घेतला. माझ्या जन्माआधीचा पंखा कंडेन्सर बदलून गच्चीवरच्या खोलीत गेला. तिसऱ्याचे वाइंडिंग जळाले होते, तो मोडीत दिला. स्कूटरचे नाव बदलून झाले. तिच्या पुढच्या मडगार्डला आतून तडा आहे, तोही दाखवून दिला. घेणाऱ्यांनी ५०० कमी केले आणि मला ते योग्य वाटले.

साड्यांतल्या नऊ वाकळवाली ताईंकडे दिल्या आहेत. बंब गगनबावड्याला गेला.

राहिले आईचे मशीन. माझ्या मैत्रिणीच्या वस्तीतली एक मुलगी ब्लाऊज शिवायला शिकली आहे आणि भाड्याच्या मशीनवर काम करत होती. तिला बोलावले. बाबांनी तिला काही सांगायच्या आत ती खाली बसली, चाक उलटे फिरवून पाहिले, बॉबिन काढून केस प्रकाशात धरली आणि म्हणाली, "काका, वादी वाळलीय, बाकी मशीन बोलतंय." बाबांनी कपाटातून आईचा डबा आणला. त्यात सुया, दोन जादा बॉबिन, तेलाची कुपी आणि आईच्या हाताने लिहिलेली मापांची वही होती. डबा त्यांनी मुलीला दिला, वही ठेवून घेतली. पैसे किती घ्यावेत यावर आमची जरा चर्चा झाली. फुकट द्यावे असे माझे मत होते. ती म्हणाली, फुकट नको, माझे मशीन म्हणायचे असेल तर मला विकत घेऊ द्या. बाबांनी ८०० सांगितले, ती दोन महिन्यांत देणार आहे.

एकच अडचण. जुन्या मापाची कातडी वादी दोन दुकानांत विचारली, दोन्हीकडे प्लॅस्टिकची दाखवली आणि ती चाकावरून घसरते. चांगली कातडी वादी कुठे मिळेल?

चप्पललाईन

ताई, मशीनच्या दोन्ही चाकांभोवती सुतळी घट्ट गुंडाळा, गाठ येईल तिथे खूण करा आणि ती सुतळी घेऊन भवानी मंडपाच्या बाजूने आमच्या ओळीत या. वादी इथेच कापून देतो. जोडाला तारेचा आकडा लागेल, तो मुलीकडे असेलच. नसेल तर तोही देतो. मंगळवारी सकाळी अकराच्या पुढे दुकान उघडे असते.

पेठेतली_लेक

मंगळवारी बाबा स्वतः सुतळी घेऊन येतील. त्यांनी आत्ताच माप घेऊन ठेवले आहे.